क्रेनने झाड उतरवताना बार अडकतो, तुकडा झोका घेतो: दोष कुठे शोधायचा

तक्रार साधारण अशी असते. हायड्रा (टायरवर चालणारी छोटी क्रेन) लागली आहे, तुकडा धरणारा बेल्ट बांधला आहे, वरचा माणूस कापतो आहे. काप निम्म्याच्या पुढे गेला की चेनसॉचा बार, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी, अडकतो. तो कसाबसा सोडवून काप पुरा केला की तुकडा एकतर धप्पकन खाली बसतो आणि क्रेन टायरवर हलते, नाहीतर वर उसळून बूमच्या, म्हणजे क्रेनच्या लांब हाताच्या, दिशेने झोका घेतो. चेनला धार लावून झाली, ऑपरेटर बदलून झाला, तरी पुढच्या झाडावर पुन्हा तेच.

अशा वेळी चेनचा दोष क्वचितच असतो. वजनाचा अंदाज, हुकाची जागा, बेल्टची जागा आणि वायरला दिलेला ताण या चारांपैकी एक चुकलेले असते, कधी दोन एकदम. कोणते चुकले ते तुकडा सुटायच्या बऱ्याच आधी काप दाखवत असतो. घाईत तिकडे कोणी बघत नाही.

आधी काप आणि वायर एकत्र बघा

उभ्या बुंध्याचा तुकडा आहे आणि काप आडवा, सरळ चालला आहे असे धरू. व्यासाच्या एक-तृतीयांशापर्यंत जा आणि थांबा. चेन ब्रेक लावा, बार बाहेर काढा. कापात प्लॅस्टिकची पाचर बोटांनी सैल सरकवून ठेवा, ठोकू नका. आता ऑपरेटरला ताण किंचित वाढवायला सांगा आणि पाचरीवर बोट ठेवा. पाचर घट्ट होत गेली तर काप मिटतो आहे, आत घसरायला लागली तर उघडतो आहे. त्याच वेळी वर नजर टाकून हुकाची वायर ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभी, आहे का ते बघा. निदान या दोन गोष्टींवरूनच होते:

- काप मिटतो, वायर ओळंब्यात: ताण कमी आहे. तुकड्याचे वजन अजून खोडावरच बसले आहे.
- काप मिटतो, वायर तुमच्या बाजूला झुकलेली: हूक तुमच्याकडे जास्त आला आहे. हा तुकडा सुटला की तुमच्या अंगावर येईल.
- काप उघडतो, वायर ओळंब्यात: ताण जास्त आहे. तुकडा उसळणार.
- काप उघडतो, वायर पलीकडे झुकलेली: हूक पलीकडे आहे. बार अडकणार नाही, काप झरझर जाईल, म्हणून ही चूक कोणाला चूक वाटत नाही. झोका मात्र सगळ्यात मोठा इथेच बसतो.

खोड मुळात कललेले असेल तर हे वाचन फसते, कारण खोडाचे स्वतःचे वजनही काप उघडत किंवा मिटवत असते. तिथे हूक कापाच्या बरोबर वर ठेवून चालत नाही. तो तुकड्याच्या गुरुत्वमध्याच्या वर हवा आणि कललेल्या खोडात ही जागा कापापासून बरीच बाजूला असते.

वायरचा ओळंबा वरून, खोडाला चिकटून, नीट दिसत नाही. खाली दोन माणसे लागतात. एक क्रेनच्या मागे, बूमच्या रेषेत. दुसरा तिच्याशी काटकोनात. एकच माणूस एका बाजूने बघून "बरोबर आहे" म्हणतो तेव्हा दुसऱ्या दिशेतली चूक तशीच राहते.

वजन: घेर मोजा, डोळ्याने ठरवू नका

ओल्या लाकडासाठी लाकूडवाल्यांच्या पद्धतीने घेरावरूनच हिशेब करणे सोपे पडते. घेर सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, मीटरमधल्या लांबीने गुणा आणि ०.००८ ने गुणा. उत्तर किलोत येते. यात ओल्या लाकडाचे वजन घनमीटरला १,००० किलो धरले आहे.

उदाहरण: खालचा घेर १७० सेंमी, वरचा १४० सेंमी, लांबी २.५ मीटर. वर्ग २८,९०० आणि १९,६००, सरासरी २४,२५०. गुणिले २.५, गुणिले ०.००८, म्हणजे ४८५ किलो. दोन घेरांची सरासरी काढून मग वर्ग करू नका, उत्तर थोडे कमी येते.

चूक वर्गात वाढते हे लक्षात ठेवा. १५० सेंमी समजलेला घेर प्रत्यक्षात १८० निघाला तर फरक ३० सेंटिमीटरचा, पण वजन ४४ टक्के जास्त. बेचक्याजवळ बुंधा फुगलेला असतो, तिथला घेर हमखास कमी धरला जातो. चिंच, बाभूळ, नीलगिरी यांना १० ते २० टक्के वाढवून धरा. पालेदार फांदीला लाकडाच्या हिशेबावर निदान चौथा हिस्सा चढवा आणि पाऊस पडून गेला असेल तर त्याहून जास्त. ढोली आहे म्हणून वजन कमी धरण्याचा मोह टाळा. ढोलीत पाणी, माती, भुसा काय भरले आहे ते बाहेरून कळत नाही.

पहिला तुकडा मुद्दाम लहान घ्या आणि तो हवेत असताना खरे वजन वाचा. हायड्रावरचा सेफ लोड इंडिकेटर (भार दाखवणारा मीटर) बंदच असतो असे धरून चालणे बरे. हुकाखाली ५ टनी डिजिटल क्रेन स्केल टांगला की काम भागते. त्याने हुकाची उंची थोडी खाल्ली जाते, ती आधी हिशेबात घ्या. हिशेबाने ३२० किलो आणि स्केलवर ३९० आले तर या झाडाचा गुणक १.२ झाला. पुढच्या प्रत्येक तुकड्याला तोच लावा. एकाच जातीच्या दोन झाडांत, अगदी एकाच झाडाच्या ओल्या आणि वठलेल्या फांदीत फरक पडतो, म्हणून मागच्या झाडाचा गुणक इथे चालवू नका.

क्रेनच्या बाजूने: १४ टनी हायड्रा म्हणजे १४ टन तेव्हाच, जेव्हा वजन तिच्या अगदी पोटाशी असते. बूम लांब काढून रेडियस (क्रेनपासून हुकापर्यंतचे आडवे अंतर) वाढवला की क्षमता झपाट्याने खाली येते आणि पूर्ण लांबीला मूळ आकड्याचा लहानसा हिस्साच उरतो. लोड चार्टवर (कोणत्या रेडियसला किती वजन चालते त्या तक्त्यावर) तुमच्या रेडियसचा आकडा बघा, त्यातून हुकाचा ब्लॉक, स्केल, शॅकल (बेल्ट जोडायची लोखंडी कडी) आणि बेल्टचे वजन वजा करा, आणि उरलेल्याच्या निम्म्यापर्यंतच तुकडा ठरवा. निम्मे का? कारखान्यात मशीन उचलताना वजन पाटीवर लिहिलेले असते आणि ते जमिनीवरून सावकाश सुटते. इथे वजन अंदाजाचे आहे आणि ते एका क्षणात सुटणार आहे.

हूक ओळंब्यात होता, मग तरी झोका का?

हा प्रश्न वारंवार विचारला जातो. उत्तर बूमच्या वाकण्यात आहे. रिकामा हूक तोलावर, म्हणजे तुकड्याच्या गुरुत्वमध्याच्या वर, बरोबर आणला, वायर सरळ दिसली, सगळे खूश. मग ताण दिला. बूम गळाच्या काठीसारखी वाकते, टोक खाली आणि पुढे जाते, रेडियस वाढतो. म्हणजे भार आल्यावर हूक क्रेनपासून दूर सरकलेला असतो. तुकडा सुटला की तो त्या टोकाखाली यायला बघतो, क्रेनपासून दूर झुलतो, आणि मग परत.

उपाय असा. रिकामा हूक तोलाच्या जागेपेक्षा किंचित क्रेनकडे ठेवा. ताण टप्प्याटप्प्याने द्या: अंदाजी वजनाच्या चौथ्या हिश्श्यावर थांबा, ओळंबा बघा, बूम थोडी वर घ्या. निम्म्यावर पुन्हा तेच. पूर्ण ताणावर पुन्हा. बूम वर घेतली की वायरचा ताणही बदलतो, म्हणून प्रत्येक वेळी स्केल परत वाचा. यात तुकड्यामागे दोन-चार मिनिटे जातात. ऑपरेटर कुरकुर करेल, करू द्या.

दुसरे कारण जमिनीत असते. हायड्रा टायरवर उभी असते, आउटरिगर (बाजूला काढून जमिनीवर टेकवायचे पाय) असलेच तर बऱ्याचदा वापरात नसतात. यंत्र १ अंश कलले की १५ मीटर उंचीवरचे टोक २६ सेंटिमीटर बाजूला सरकते. एका टायरमध्ये हवा कमी असणे, पेव्हर ब्लॉकखालची वाळू खचणे, गटाराच्या झाकणावर चाक येणे, पावसानंतरची काळी माती, यांतले काहीही तेवढा कल देते. आणि तो कल भार आल्यावरच दिसतो. दर तुकड्याला झोका एकाच दिशेने येत असेल तर वरच्या माणसाला बोलण्याआधी त्या बाजूचा टायर तपासा. आउटरिगरची क्रेन असेल तर पायाखाली लाकडी किंवा जाड प्लॅस्टिकचे पॅड हवेतच. एका पायावर १० टन येत असतील आणि पॅड ६० × ६० सेंमी असेल तर जमिनीवर चौरस मीटरला जवळपास २८ टन पडतात. फुटपाथखालची पोकळी हे सहन करत नाही.

बूम बाजूच्या ओढीसाठी बनवलेली नसते. झोका बूमच्या रेषेत आला तर निभावते, आडवा आला तर बूमला पीळ बसतो. म्हणून क्रेन उभी करतानाच ती अशा बाजूला घ्या की तुकडे शक्यतो बूमच्या रेषेत सुटतील. वजन घेऊन वळत चालणाऱ्या हायड्राचा तोल तर सरळ रेषेतल्यापेक्षा बराच कमी असतो. उतरवलेला तुकडा जागीच टेकवा, मग हलवा.

बेल्ट कुठे आणि कसा

उभ्या तुकड्याला बेल्टचा फास गुरुत्वमध्याच्या वर हवा. झाड वर निमुळते होत जाते, त्यामुळे साध्या, पाला नसलेल्या तुकड्याचा गुरुत्वमध्य निम्म्या लांबीच्या थोडा खाली असतो. पालेदार शेंड्यात तो वर चढतो. फास दोन-तृतीयांश उंचीच्या वर ठेवला की बहुतेक वेळा निभावते.

निमुळतेपणाचा दुसरा त्रास म्हणजे फास वरच्या बाजूला, बारीक भागाकडे, निसटायला बघतो. ओल्या सालीवर आणि सुटणाऱ्या पापुद्र्याच्या नीलगिरीवर तर नक्कीच. फांद्या छाटताना खोडापासून १०-१५ सेंमीचे खुंट ठेवा आणि फास त्यांच्या खाली बसवा. खुंटच नसेल तर बेल्टचे दोन वेढे घेऊन मग फास करा आणि सुटी साल आधी खरवडून काढा.

फासात बेल्टची ताकद पूर्ण मिळत नाही, साधारण ८० टक्के धरा. राउंड स्लिंगचे (गोल, बंद बेल्टचे) रंग ठरलेले आहेत: जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३, करडा ४, लाल ५. म्हणजे हिरव्या स्लिंगचा फास १.६ टनांचा. रंग उडालेला आणि लेबल गेलेला बेल्ट किती टनी आहे यावर वाद घालू नका, तो बाजूला टाका. चेनसॉची दातेरी चेन ताणलेल्या बेल्टला नुसती टेकली तरी बेल्ट गेला, म्हणून काप आणि फास यांत निदान १ मीटर अंतर ठेवा.

आडव्या फांदीला एका बेल्टवर उचलायचा प्रयत्न हा झोक्याचा आणखी एक कारखाना आहे. फांदी खोडाला जोडलेली असते तोवर शांत दिसते. सुटल्यावर हूक गुरुत्वमध्याच्या शेंड्याकडे असेल तर बुडखा (खोडाकडचे जाड टोक) खाली पडतो, तोही खाली थांबलेल्या माणसाकडे. हूक बुडख्याकडे असेल तर शेंडा खाली जातो आणि बुडखा वर उसळतो. दोन बेल्ट लावा: एक बुडख्याकडे, एक शेंड्याकडे, आणि शेंड्याकडच्या पायात (हुकापासून उतरणाऱ्या बेल्टात) लिव्हर चेन ब्लॉक, म्हणजे दांड्याने साखळी आखडायचे साधन, घालून लांबी जुळवा. दोन्ही पायांमधला कोन मोठा होऊ देऊ नका. पाय आडव्या रेषेशी ६० अंशांत असतील तर प्रत्येकावर वजनाच्या ५८ टक्के भार येतो, ४५ अंशांत ७१ टक्के आणि ३० अंशांत पूर्ण १०० टक्के. ३० अंशांवर दोन बेल्ट लावून उपयोग काय, प्रत्येकावर सगळे वजन आहेच.

ताण किती

लक्ष्य अंदाजी वजनाइतके. कमी राहिला तर काय होते ते आकड्यात बघू. तुकडा ६०० किलोचा, बूम-वायर-बेल्ट मिळून तेवढ्या भाराला ५ सेंमी ताणले जातात असे धरले. वायर ३० सेंमी सैल असताना तो सुटला तर क्षणभर सुमारे साडेचारपट, म्हणजे २,७०० किलोच्या आसपास ओढ बसते. हिरवा बेल्ट, लांब काढलेली बूम आणि दीड टनाचा चार्ट यांचा हिशेब तिथेच संपतो. अगदी सैल नसेल, नुसता वायरचा लोंबा गेलेला असेल, म्हणजे ताण शून्य पण ढिलाईही शून्य, तरी दुप्पट ओढ बसते.

जास्त ताणाचे उलट. तुकडा ४०० किलोचा आणि वायरवर ६००, तर सुटताना २०० किलोची जोरदार उसळी वर. काप पुरा व्हायच्या आधीच उरलेले लाकूड उभे फाटू शकते, त्यात बार वर ओढला जातो आणि चेनसॉ कमरेला पक्की बांधलेली असेल तर माणूसही. चेनसॉचा दोर ठराविक ओढीला तुटणाराच वापरा.

खात्री नसेल तर थोड्या कमी ताणाकडे झुका, पाचर ठेवा, आणि काप वाचत ताण वाढवा.

कापताना

एका बाजूने आरपार जाण्यापेक्षा आधी पलीकडून एक-तृतीयांश आणि मग आपल्या बाजूने उरलेला, दोन्ही काप एका पातळीत, ही पद्धत जाड बुंध्याला बरी. काही जण एकावर एक, थोडे वरखाली काप घेऊन मधले लाकूड क्रेनने तोडायला लावतात, कारण चेनसॉ बंद करून माणूस बाजूला होऊ शकतो. लहान, ठिसूळ लाकडाच्या तुकड्याला ठीक आहे. जाड, चिवट लाकडात क्रेनला तोडायला लावणे म्हणजे मुद्दाम जास्त ताण देऊन मग हिसका घेणे. धारदार चेनने काप पुरा करावा.

माणूस कापाच्या खाली, खोडाला दोन ठिकाणी बांधलेला, त्यातला एक दोर तारेच्या गाभ्याचा. "ताण" म्हणण्याआधी आपला एकही दोर कापाच्या वर खोडाभोवती गेलेला नाही हे हाताने चाचपून बघा. सुटणाऱ्या तुकड्याशी बांधलेला माणूस वाचत नाही. हुकाला धरून वर जाणे-येणे हायड्रावर करूच नका.

खालून इशारे एकाच माणसाने द्यायचे. थांबण्याचा इशारा मात्र कोणीही दिला तरी ऑपरेटरने थांबायचे, दोन्ही हात आडवे पसरून तळवे खाली, मागे-पुढे. पाल्याआड हूक दिसत नसेल तर वॉकी-टॉकी हवाच. रस्त्याच्या गोंगाटात आणि चेनसॉच्या आवाजात ओरडून सांगितलेला "थांब" आणि "लांब" ऑपरेटरला सारखाच ऐकू येतो.

बार अडकलाच तर

इंजिन बंद. बार ओढू नका, तुकडा हलवून बघू नका, ऑपरेटरला "उचल" तर मुळीच म्हणू नका. आधी वायर बघा. ओळंब्यात असेल तर ताण अंदाजी वजनाच्या पाच-दहा टक्क्यांनी वाढवा आणि थांबा. वायर झुकलेली असेल तर ताण वाढवून उपयोग नाही, हूक सरकवावा लागेल, तोही हळूहळू. पाचर मागून ठोकून जागा मिळाली तर बार निघतो. नाहीच निघाला तर दुसरी चेनसॉ घेऊन अडकलेल्या बारच्या निदान ३० सेंमी वर नवा काप घ्या. तुकडा त्यामुळे हलका होतो, ताण त्या हिशेबाने कमी करायला विसरू नका. अडकलेली चेनसॉ खोडातच राहू द्या, नंतर काढा.

तुकडा हवेत गरगर फिरत असेल तर तो वेगळा प्रकार: वायरचा पीळ आणि एका बेल्टवरची फांदी. हुकाखाली चांगला स्विव्हेल (पीळ सोडणारा फिरता जोड) आणि तुकड्याच्या बुडख्याला १२ मिमीचा हाती दोर, एवढ्याने भागते. दोर हाताला गुंडाळू नये.

वारा सुटला की पालेदार तुकडे थांबवा. मे महिन्यातला वळीव येण्याआधीची वावटळ तर इशारा न देता येते. आणि तारा: महावितरणने लाइन बंद करून अर्थिंग लावलेली दिसल्याशिवाय बूम उभी करू नका. १९७५ च्या वृक्ष कायद्याखालची परवानगी खिशात असते ती झाडाची, विजेची नाही.

चारही गोष्टी तपासून झाल्या आणि तरी काप दर तुकड्याला वेगळेच दाखवत असेल, एकदा मिटतो, एकदा उघडतो, तर खोडच आतून धड नाही असे समजा. बुंध्यावर हातोडीने खालून वर ठोकत जा. आवाज भरीव ते पोकळ असा बदलतो ती जागा खडूने आखून घ्या. वठलेल्या गुलमोहरात ही पोकळी बाहेरच्या खुणेपेक्षा बरीच वर गेलेली असते. अशा खोडाला माणूस बांधू नये. बूम लिफ्ट (माणसाला बकेटमध्ये वर नेणारे यंत्र) मागवा, माणूस बकेटमधून कापू दे आणि क्रेन फक्त तुकडा धरू दे.